तस्करीतून सोडवलेल्या अल्पवयीन मुलीला निवारागृहात किती दिवस ठेवावे आणि तिला कोणते प्रशिक्षण द्यावे?

पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, कोणीतरी स्वतः जाऊन तिच्या घरात तासभर बसून येईपर्यंत तिला परत पाठवू नये, मग त्याला कितीही दिवस लागोत. मी बेळगावच्या एका निवारागृहात अकरा वर्षे गृहमाता होते. ही गोष्ट मला एका मुलीच्या सात महिन्यांच्या बदल्यात कळली.

ती खानापूर तालुक्यातील, पंधरा वर्षांची. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे ओळख उघड करता येत नाही, म्हणून गाव सांगत नाही. हॉटेलात भांडी घासण्याचे काम आहे असे सांगून तिला चोर्ला घाटाने गोव्यात नेले होते. बालकल्याण समितीच्या आदेशाने ती आमच्याकडे आली, तेव्हा दाराकडे पाठ करून ती कधी झोपत नसे. अकराव्या दिवशी तिची मावशी नवा ड्रेस आणि बांगड्या घेऊन हजर झाली. गृहभेटीचा अहवाल तोपर्यंत तयार होता. तो कन्नडमध्ये होता, त्यावर आजीचा अंगठा होता, आणि आजीला कन्नड समजत नव्हते; जीपपाशी उभे राहून शेजाऱ्याला चार प्रश्न विचारून तो लिहिला गेला, हे पुढे आजीनेच मला सांगितले. मला दोन्ही भाषा येतात, मी जाऊन येते असे मी म्हटलेही होते, परंतु आमच्या तेव्हाच्या अधीक्षिकांच्या मते रक्ताच्या माणसावर संशय घेणे हा मुलीवरच अन्याय होता. ताबा दिल्याच्या नोंदवहीत सही माझी आहे.

सात महिन्यांनी ती पुन्हा गोव्यातच सापडली, दुसऱ्या नावाने. पहिल्या खेपेची उचल मावशीनेच घेतली होती. तेव्हा का बोलली नाहीस, असे मी विचारले, तर ती म्हणाली, ‘मावशी समोरच बसलेली, अक्का. एकटीला कुणी विचारलंच न्हाई की.’

विचार करायला वेळ नव्हता, हे कारण मला मान्य नाही. बालन्याय कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे सामाजिक तपासणीला, म्हणजे मुलीच्या घरच्या परिस्थितीच्या चौकशीला, १५ दिवस आणि समितीच्या अंतिम आदेशाला ४ महिने दिलेले आहेत. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचे कलम १७अ तर, सोडवलेल्या व्यक्तीला आईवडिलांच्या हाती देण्यापूर्वी त्यांची चौकशी मान्यताप्राप्त संस्थेकडून करवून घेण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना देते. अधीक्षिकाबाई आजही भेटल्या की खाटा कमी पडत होत्या असे सांगतात. खाटा कमी होत्या हे खरे आहे. त्यासाठी आणखी खाटा मागायच्या असतात, मुलगी घालवायची नसते.

प्रशिक्षणाविषयी एवढेच सांगते की, शिलाई यंत्र दिले म्हणजे पुनर्वसन झाले असे मी मानत नाही. दुसऱ्या खेपेस ही मुलगी आमच्याकडे तीन वर्षे राहिली. आमच्या रिवाजाप्रमाणे तिला जवळच्या कन्नड शाळेत घातले. आठवीपर्यंत मराठीत शिकलेली ती मुलगी वर्गात गप्प बसे, आणि तिच्या नोंदीत ‘मंदबुद्धी’ असा शेरा पडला. मी भांडून तिला मराठी माध्यमाच्या शाळेत घातले आणि तिथून ती दहावी उत्तीर्ण झाली. शहरात मराठी शाळा असताना हा शेरा तिच्या कपाळी का यावा?

प्रत्येक घर असे नसते, हेही लिहिले पाहिजे. हातात फोटो घेऊन ठाण्याच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्या मुलींना एक दिवसही जास्त अडकवून ठेवणे पाप आहे. शिवाय मी अठरा वर्षांखालील मुलींविषयीच बोलते आहे. सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध कोंडून ठेवण्याला माझा विरोध आहे.

आपण स्वतः गृहभेटीला जाणार असाल, तर न कळवता जा, घरच्यांच्याच भाषेत बोला, शाळेतल्या बाईंना भेटा. आणि निघण्यापूर्वी मुलीला एकटीला विचारा की त्या घरात कोण आले की ती बाहेर जाऊन बसत असे.