चर्चचं मागचं दार

तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये बायको-मुलासह कॅनडात टोरोंटोजवळ मिसिसागाला येताय, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडून सव्वादोन वर्षं झालीत, नाशिकचा ए.ए.चा (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचा) ग्रुप सुटणार, तर इथे मीटिंग मिळतील का आणि घरापासून लांब निभेल का. मीटिंग मिळतील. टोरोंटो आणि आसपास रोज असतात, यादी ‘मीटिंग गाइड’ ॲपवर आहे. पण तुमचा प्रश्न वाचून काल रात्री मला झोप लागली नाही, म्हणून यादीत जे नसतं ते लिहितो.

मी जानेवारी 2016 मध्ये आलो, तेव्हा सोबर राहून तीन वर्षं चार महिने झाले होते. मनात क्रम ठरलेला होता: आधी घर, मग नोकरी, मग मुलीची शाळा, मग मीटिंग. तरी दुसऱ्या आठवड्यात एकदा गेलो. पत्ता चर्चचा होता. बर्फातून चालत पुढच्या मोठ्या दारापर्यंत गेलो, तर बंद. दोनदा ठोठावलं आणि परत फिरलो. इथले बरेच ग्रुप चर्चच्या तळघरात भरतात आणि जायचं दार मागे, पार्किंगच्या अंगाला असतं. त्यावर ‘ए.ए.’ लिहिलेला एक कागद चिकटवलेला असतो, बस. एवढीशी गोष्ट मला माहीत नव्हती. पुढे नऊ महिने मी तिकडे फिरकलो नाही आणि ऑक्टोबरमध्ये स्लिप झालो, म्हणजे पुन्हा प्यायलो. दाराला दोष देत नाही. त्या दिवशी परत फिरताना मला हायसं वाटलं होतं, हे आजवर फक्त माझ्या स्पॉन्सरला, म्हणजे ए.ए.मधल्या माझ्या मार्गदर्शकाला सांगितलंय.

त्याच काळातली मुलीच्या शाळेची गोष्ट अजून सलते. ती नऊ वर्षांची, पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकलेली. इथे तिच्या उच्चारांवरून तिला इंग्रजी नवीन शिकणाऱ्या मुलांच्या तासाला बसवलं, तेही गणिताच्या तासातून उठवून. घरी येऊन रडायची. मी शाळेत जाब विचारायला गेलो तो दुपारी दोन पेग घेऊन. मुद्दा माझा बरोबर होता, आजही बरोबरच वाटतो. पण मी बोलत असताना बाईंनी खुर्ची हळूच मागे सरकवली आणि मुलीनं ते पाहिलं. वर्षभर तिला त्याच तासाला बसावं लागलं. आता ती युनिव्हर्सिटीत आहे. तो विषय तिनं कधी काढला नाही. ए.ए.च्या बारा पायऱ्यांतल्या नवव्या पायरीत ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करायची असते. तिची माझ्याकडून अजून झालेली नाही. वाक्य जुळवतो, फोन लावतो आणि जेवलीस का विचारून ठेवून देतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. इथे येण्यासाठीच्या मेडिकल तपासणीच्या वेळी दारूच्या उपचारांबद्दल विचारलं, तेव्हा एजंट म्हणाला, “नाही लिहा.” मी खरं लिहिलं. मग उपचारांचं पत्र आणा, त्यात नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळत नाही म्हणून पुन्हा आणा, असे तीन हेलपाटे झाले. संताप आला, पण खोटं लिहून आलो असतो तर ते ओझं इथवर घेऊन आलो असतो. तुम्हीही खरंच लिहा.

पहिल्या मीटिंगला नवीन कोण आहे विचारतात, तेव्हा हात वर करा आणि नाशिकहून आलोय म्हणून सांगा. लोक फोन नंबर देतात, गाडीतून सोडतात. रविवारी रात्री बसची वाट पाहण्यापेक्षा लिफ्ट मागा, कुणाला त्याचं ओझं होत नाही. काही ग्रुप शेवटी हात धरून ख्रिस्ती प्रार्थना म्हणतात. सक्ती नसते. मी हात धरतो आणि गप्प राहतो. देव नको असलेल्यांचेही ग्रुप आहेत. 2011 मध्ये टोरोंटोच्या यादीतून त्यांची नावं काढली होती, 2017 मध्ये परत घेतली. इंग्रजीची भीती बाळगू नका. एकदा शेअरिंग करताना आईच्या जाण्यावर आलो आणि इंग्रजी सुचेना. दोन-तीन मिनिटं मराठीतच बोललो. शेजारच्या म्हाताऱ्यानं हातातला कॉफीचा कप तोंडाला न लावता तसाच धरून ठेवला होता. मराठीतली मीटिंग हवीच असेल तर गावाकडची ऑनलाइन गाठा, तिथले संध्याकाळचे सात म्हणजे इथे उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ.

सावध करतो ते दुकानांबद्दल. मी आलो तेव्हा दारूसाठी मुद्दाम वाट वाकडी करावी लागायची. 5 सप्टेंबर 2024 पासून ऑन्टारिओत कोपऱ्यावरच्या दुकानातही बिअर-वाइन मिळते. दूध आणायला जाल तिथेच फ्रिज आहे. पहिले काही महिने दूध बायकोला आणू द्या. आपल्या लोकांच्या शनिवारच्या जेवणांना “मी घेत नाही” एवढंच पुरतं, कारण सांगत बसू नका.

एकटेपणा येतो. मीटिंगला गेलं की कमी होतो. त्यावर याहून जास्त मला लिहिता येत नाही.

बायकोबद्दल मात्र तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत. माझी बायको मी प्यायला लागल्यावर मला न सांगता अल-अनॉनला, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या ग्रुपला जाऊ लागली होती, दर गुरुवारी, त्याच चर्चमध्ये. फेब्रुवारी 2017 मध्ये मी म्हणालो, जाऊन पाहतो, पण तिथलं दार बंद असतं. ती कोट घालत म्हणाली, “दार मागून आहे. चल, दाखवते.” तुम्ही याल तेव्हा अल-अनॉनच्या मीटिंगची यादीही काढून बायकोच्या हातात द्या, पहिल्याच आठवड्यात.