फोडी पाण्यात उकडून मिक्सरमधून काढल्या की भोपळ्याचं सूप पाणचट आणि नुसतंच गोड होतं, दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर घालू का?

कॉर्नफ्लोअर नको. त्याने सूप दाट दिसेल, चवीत मात्र काही भर पडणार नाही. फोडी पाण्यात उकडून मिक्सरमधून काढता असं तुम्ही लिहिलंय, गडबड तिथेच आहे. भोपळ्यात जातीप्रमाणे साधारण 85 ते 92 टक्के पाणीच असतं. सुपात पाणी घालायच्या आधी ते पाणी थोडं उडवायला हवं, म्हणून मी भोपळा भाजून घेते.

साधारण किलोभराचा बटरनट (लांबट, फिकट सालीचा भोपळा) उभा चिरायचा, बिया काढायच्या आणि कापलेल्या बाजूला तेल-मीठ चोळायचं. मग तीच बाजू खाली करून ट्रेमध्ये ठेवायचा. बियांच्या खळग्याखाली लसणाच्या सात-आठ पाकळ्या सालासकट सरकवायच्या, शेजारी कांद्याच्या फोडी. ओव्हन 200 अंशांवर, वेळ पाऊण तास ते तास. सुरी अडल्याशिवाय आत गेली पाहिजे आणि ट्रेला टेकलेल्या कडा तपकिरी झाल्या पाहिजेत. चव त्या तपकिरी कडांत असते, त्यामुळे ट्रेला चिकटलेलंही चमच्याने खरवडून घ्या. या पद्धतीत कच्चा भोपळा सोलावा लागत नाही, भाजलेला गर चमच्याने सहज निघतो. (बटरनट सोलताना हाताला जो चिकट थर बसतो तो साबणानेही लवकर जात नाही!) ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पसरट भांड्यात सोललेल्या फोडी एकाच थरात, झाकण न ठेवता परता. गर्दी केलीत तर त्या भाजण्याऐवजी वाफेवर शिजतील.

दरम्यान बिया, त्यांच्याभोवतीचे धागे आणि कांद्याची टोकं पाण्यात वीस मिनिटं उकळून गाळा. फुकटचा स्टॉक! गर, सोललेला लसूण, कांदा आणि यातला अर्धा लिटर स्टॉक एकत्र वाटा. पातळ हवं असेल तर नंतर वाढवता येतं, म्हणून सगळा एकदम ओतू नका. गरम सूप मिक्सरमध्ये अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका आणि झाकण घट्ट न लावता वर कापड धरा, नाहीतर वाफेने झाकण उडतं.

आता गोडपणा. बहुतेक जण यावर मसाले वाढवत बसतात. मला विचाराल तर आधी मीठ पुरेसं आहे का बघा, मग आंबट घाला: एक-दोन चमचे लिंबाचा रस किंवा थोडं व्हिनेगर. फरक लगेच कळतो. मिरपूड आणि चिमूटभर जायफळ छान लागतं. दालचिनी मी घालत नाही, सूप गोडाच्या पदार्थाकडे झुकतं. क्रीम घालणार असाल तर आच बंद केल्यावर, आणि लिंबू त्याच्याही नंतर, वाढताना. उकळत्या सुपात दूध आणि लिंबू एकत्र आले की फाटलंच.

तेच प्रमाण घेऊनही दर वेळी सूप वेगळं होतं, त्याचं कारण भोपळाच. काढणीनंतर काही आठवडे कोरड्या जागी ठेवलेल्या भोपळ्यातल्या स्टार्चची हळूहळू साखर होते. म्हणून शरदाच्या सुरुवातीला जे सूप बेताचं गोड लागतं, ते ऋतू संपताना जास्त गोड आणि पातळही वाटू शकतं. तेव्हा स्टॉक कमी, लिंबू जास्त. काबोचा (हिरव्या सालीचा जपानी भोपळा) मुळातच कोरडा आणि घट्ट, त्याला स्टॉक जास्त लागतो. कोरून दिवे करायला विकतात ते अवाढव्य भोपळे मात्र सुपाला घेऊ नका, ते धागेदार आणि बेचव निघतात.

भोपळा चिरला की कच्चा कण जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर थुंकून टाका आणि अख्खा भोपळा फेकून द्या. तो कडवटपणा शिजवून जात नाही आणि त्याने पोट चांगलंच बिघडू शकतं.