प्रताधिकारच म्हणा! (आणि थोडं ‘नक्कल’बद्दल)

प्रश्न असा आलाय की कॉपीराइटला मराठीत ‘स्वामित्वहक्क’ म्हणायचं का ‘प्रताधिकार’. प्रताधिकार. स्वामित्वहक्क हा शब्द सगळीकडे छापून छापून लोक मालकीच्याच भाषेत बोलायला लागलेत, ‘पुस्तक मी विकत घेतलंय, पीडीएफ कुणालाही पाठवीन’, नाहीतर एकदम दुसरं टोक, ‘ही कल्पना माझी, तिच्यावर कॉपीराइट आहे’. अहो, कल्पनेवर कॉपीराइट नसतोच, मांडणीवर असतो! १९५७च्या कायद्यानं त्या मांडणीच्या प्रती काढायचा, भाषांतराचा वगैरे हक्क लेखकाला दिलाय, तोही हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं, पुढे ते सगळ्यांचं. मुदत सरली की आपोआप गावाची होते अशी कुणाची शेतजमीन पाहिलीय का?

पण खरी मजा ‘नक्कल’मध्ये आहे. मूळ अरबी ‘नक्ल’, म्हणजे एका जागेवरून दुसरीकडे नेणं, त्यातच सांगणं आलं आणि उतरवून घेणंही. चोरीचा वाससुद्धा नाही. तहसील कचेरीत आजही फेरफाराची नक्कल मागतात, शिक्का बसला की ती कोर्टात चालते. आणि ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ हा शब्दप्रयोग बघा, अस्सल म्हणजे मुळातलं, बरहुकूम हे फारसी, हुकमाप्रमाणे, तंतोतंत. म्हणजे नक्कल जितकी मुळाला धरून तितकी तिची किंमत जास्त! पोथ्या उतरवणारेही शेवटी ‘यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया’ लिहायचे, जसं दिसलं तसं उतरवलं.

माझं तर ठाम मत आहे की आपल्याकडे उतरवून घ्यायला कधीच ना नव्हती, ढवळाढवळीला होती. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि बजावलं की यात जो स्वतःची ओवी घालेल त्यानं अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली म्हणून समजा. आजच्या कायद्यातलं कलम ५७ दुसरं काय सांगतं? हक्क विकून टाकले तरी लेखक म्हणून नाव सांगायचा आणि कृतीची मोडतोड अडवायचा अधिकार लेखकाकडेच राहतो. म्हणून व्हॉट्सॅपवर खालचं नाव कापून, दोन ओळी बदलून कविता पुढे ढकलता तिला नक्कल म्हणू नका, ती बरहुकूम नाही.

‘प्रत’ कोरडा शब्द आहे, ‘स्वामित्व’ भारदस्त वाटतो, असं म्हणणाऱ्या परिभाषावाल्यांचं मला अजिबात पटत नाही. वाळू-मुरमाच्या रॉयल्टीलाही सरकारदरबारी ‘स्वामित्वधन’च म्हणतात, मग कविता आणि वाळू एकाच शब्दात कोंबायची?