गवंडीकाम सोडून कंपनीत गेलो होतो, आता ३६ व्या वर्षी परत बांधकामात यावं का?

यावं, भाऊ. तुम्ही लिहिलंय की परभणीकडचं गाव, पंचविशीपर्यंत वीटकाम-प्लास्टर केलं, मग पुण्याकडे कंपनीत ठेकेदारामार्फत लागलात. आता ते काम सुटलंय आणि मधली वर्षं वाया गेली म्हणून परत थापी धरायला मन धजत नाही. ती वर्षं वाया गेलेली नाहीत, हे मी स्वतःवरून सांगतो. फक्त परत येताना हजेरीवर, म्हणजे रोजंदारीवर, येऊ नका.

मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा शाळेत होतो. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे दोन-अडीच फूट रुंद दगडमातीच्या भिंती आणि वर जाड मातीचं माळवद. भिंतीचा एक थर बाहेरून, एक आतून, मध्ये भर. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक घरांत नव्हताच. हादरा बसला तशा भिंती फुटल्या आणि वरची सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्या वेळच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, त्यामुळं भिंत कशी असावी हे गावातल्या मिस्त्रीला कुणी सांगितलेलं नव्हतं.

पुढं ५२ गावं नव्या जागी वसली आणि बाकीच्या गावांत दुरुस्ती-मजबुतीकरणाची कामं निघाली. माझे मामा मिस्त्री. अठरा वर्षांचा झाल्यावर मी त्यांच्या हाताखाली बिगारी म्हणून त्याच कामांवर लागलो. जोत्यावर, दार-खिडकीच्या वर आणि छताखाली काँक्रीटचा पट्टा सगळ्या भिंतींवरून सलग फिरवायचा, दगडकामात ठरावीक अंतरावर आरपार दगड घालायचा, हे तिथं आलेल्या इंजिनिअर लोकांनी शिकवलं. मामा आयुष्यभर भिंती बांधत आलेले, पण तेही माझ्या शेजारी उभं राहून शिकले. माझ्या हाताला वळण लागलं ते तिथं.

नंतर बरीच वर्षं लातुरात गवंडी म्हणून काम केलं. मग २०१२-१३ चा दुष्काळ आला. प्यायला पाणी नाही तिथं स्लॅबवर पाणी कोण मारणार? कामं थांबली आणि मी वाळूजला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर लागलो. २०१६ ला तर मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्यामुळं गावी यायचा विषयच नव्हता. मधे काही दिवस टेम्पो चालवला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरी आलो आणि औशात एका हार्डवेअरच्या दुकानात काउंटर सांभाळलं. तिथं रोज मिस्त्री लोक यायचे, सळई-सिमेंटच्या गप्पा व्हायच्या. त्या ऐकून माझे हात शिवशिवायला लागले आणि वर्षभरातच मी परत जोत्यावर उभा राहिलो.

आता कारखान्याचा उपयोग काय झाला ते ऐका. तिथं व्हर्नियरनं माप घेऊन कागदावर लिहायचं असतं, "चालतंय की" हा शब्द चालत नाही. आधी मी काटकोन काढायचो तो सगळे काढतात तसाच: कोपऱ्याच्या खुंटीपासून एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट, आडवं माप ५ फूट. गणित बरोबर आहे, पण एवढ्या लहान मापात दोन सुतांची, म्हणजे पाव इंचाची, चूक झाली तर तीस फुटांच्या भिंतीच्या टोकाला ती वाढून दिसते. आता मी ९, १२ आणि १५ फुटांनी काढतो. चारी खुंट्या ठोकल्यावर दोन्ही कर्ण टेपनं मोजतो आणि घरमालकासमोर वहीत लिहितो. कर्णांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक आला की दोरी सोडून पुन्हा पहिल्यापासून. पुढं फरशी बसवताना भिंतीलगत तिरके तुकडे कापावे लागत नाहीत, तेव्हा मालकाला त्या वहीची किंमत कळते.

काँक्रीटच्या पाण्याचंही तेच. बिगारी पाइप सोडून देतो, कारण पातळ माल ओतायला सोपा. मी बादलीवर खूण केली आहे. ५० किलोच्या पोत्याला साधारण २५ लिटर, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. मालाला पाणी जास्त झालं की ताकद गेली. पाणी मारायचं ते स्लॅब झाल्यावर, आणि हल्ली मिळणाऱ्या पीपीसी सिमेंटला किमान दहा दिवस. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती बांधतात त्या रिंगांची टोकं आत वळवून १३५ अंशांत घ्यायची, नुसती काटकोनात मोडून सोडायची नाहीत, कारण हादऱ्यात कॉलमचं वरचं आवरण फुटलं की तशी रिंग उघडते. किल्लारीच्या मातीत वाढलेल्या माणसानं यात सूट घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. आपण बांधतो त्याच्या खाली कुणाचं तरी लेकरू झोपणार असतं.

दुकानातून हिशेब मिळाला. पोत्यावर छापलेला आठवडा आणि वर्ष बघून तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट नाकारायचं, हे तिथं शिकलो. कुठल्या घराला किती माल लागेल ते कागदावर काढायलाही तिथंच जमलं. त्यामुळं मी आता रोजावर जात नाही, चौरस फुटावर मजुरीचं काम घेतो आणि पाया, जोतं, लिंटेल, स्लॅब, प्लास्टर अशा टप्प्यांवर पैसे ठरवतो, तेही लिहून. घरकुलाच्या कामात हे फार महत्त्वाचं. मालकाला मूळ १ लाख २० हजारांचं अनुदान हप्त्यांनी येतं. हप्ता लांबला की गवंड्याची मजुरी लांबते आणि दोघांचे संबंध बिघडतात.

तुम्हीही कंपनीत काय करत होता ते नीट आठवा. वेल्डिंग, पॅकिंग, स्टोअर, काहीही असो, त्यातलं काहीतरी इथं लागतंच. सुरुवात न्हाणीघर, कंपाउंड, जुन्या प्लास्टरची दुरुस्ती अशा लहान कामांनी करा. पहिला महिना पाठ आणि मनगटं बोलतील, मग हात आपोआप बसतो. सोबत एखादा तरुण पोरगा घ्या, परांचीवरचं जड काम त्याच्याकडं द्या आणि दोरी-ओळंबा स्वतःकडं ठेवा. बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी लगेच होणार नाही, कारण मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तो ठेकेदार किंवा ग्रामसेवक देतात, म्हणून पहिल्या दिवसापासून कामाच्या तारखा लिहून ठेवा.

आणि पायाचं काम घ्याल तेव्हा घाई करू नका. तुमच्याकडं काळी माती खोल असते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची भिंत तडकवते. आधी एक खड्डा घेऊन बघा. मुरूम किती फुटांवर लागतो ते मला इथं लिहा, म्हणजे पाया कसा घ्यायचा ते त्या हिशेबानं सांगतो.