आरोह-अवरोह (रागाचे चढते-उतरते स्वर) पाठ आहेत, तरी राग ओळखता येत नाही. काय करू?

तुम्ही विचारलंय, भूप आणि देसकार दोन्हींत सा रे ग प ध हेच पाच स्वर, मग राग वेगळे कसे? आणि रागाचा 'भाव' कुठून येतो?

पेटी पुढ्यात घ्या. 'ग, रे, सा ध़, सा रे ग' सावकाश म्हणा (खाली टिंब असलेला ध खालच्या सप्तकातला), मग 'प ग, रे ग, रे सा'. दर वेळी गंधारावर (ग) येऊन टेका, रिषभालाही (रे) त्याचा मान द्या. हा भूप. आता सुरुवातच वरून, धैवतापासून (ध) करा: 'ध, ध प, ग प ध प, ग रे सा'. धैवत ठसठशीत, पंचमावर (प) विसावा आणि रिषभ नुसता येता-जाता. तुम्ही रिषभावर जरा रेंगाळलात की देसकार हातचा गेला, भूप डोकावलाच! भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर ग, संवादी, म्हणजे त्याखालोखालचा ध, देसकाराचं नेमकं उलट. एक संध्याकाळचा, दुसरा सकाळचा. पुस्तकातल्या या ओळींचा अर्थ असा गाऊनच कळतो.

भावाचंही तसंच. मारवा रागात कोमल रिषभ आणि शुद्ध धैवतावर मुक्काम असतो, षड्ज (सा) मुद्दाम लांबणीवर टाकतात. कान सा मागत राहतो आणि तो लवकर मिळत नाही, त्यातून ती हुरहूर येते. गायक उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐकाच. मारव्याचे तेच सहा स्वर पुरिया रागात ग-नीच्या आधारानं मंद्रात (खालच्या सप्तकात) गंभीर होतात, सोहनी रागात तार षड्जाकडे (वरच्या सा कडे) झेपावतात. म्हणून अमुक राग करुण, तमुक शृंगाराचा असले तक्ते मला पटत नाहीत. लय आणि बंदिश (रागात बांधलेली रचना) बदलली की रंग बदलतो.

आमच्याकडं बीड जिल्ह्यात सप्ताहाच्या भजनात बसणारी कितीतरी मंडळी स्वरांची नावं सांगू शकत नाहीत. पण चाल भूपाची असताना पेटीवाल्यानं चुकून मध्यम लावला, की टाळकऱ्यांच्या माना लगेच वळतात. त्यांच्या कानात आरोह-अवरोह नाही, रागाचं चलन, म्हणजे त्याची चालण्याची ढब बसलीय. तुम्हीही तेच बसवा. महिनाभर भूपच ऐका, किशोरीताई आमोणकरांचा तर नक्की, आणि आलाप कुठं थांबतो एवढंच बघा. मग शुद्ध कल्याण राग घ्या. चढताना भूपच, उतरताना मात्र मींडेतून (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना) निषाद आणि तीव्र मध्यम हळूच डोकावतात. ते कानाला जाणवले की पुढचा प्रश्न विचारा, सविस्तर लिहीन.