सावित्रीबाईंचा एकपात्री गावोगाव नेणारीला

प्रिय मुली,

तुझी संहिता वाचली. अभ्यास भरपूर केला आहेस आणि भाषेला ठसका आहे. पण शेवटपर्यंत एका गोष्टीचा पत्ता लागला नाही. ही बाई बोलतेय कुणाशी? समासात तू सगळीकडे 'प्रेक्षकांशी' असं लिहिलंयस, पण तेवढ्यानं भागत नाही. 'माझा जन्म ३ जानेवारी १८३१ला नायगावात झाला' हे वाक्य घरात कुणी कुणाला सांगत नाही. ऐकणारं माणूस ठरलेलं नसलं की नटी चरित्र म्हणून दाखवायला लागते. चरित्रावरचे बरेच एकपात्री इथेच कोसळतात, आणि मग आवाज चढवून काही साधत नाही.

म्हणून संहिता पुन्हा उघड आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर एका ऐकणाऱ्याचं नाव लिही. १८४८च्या भिडे वाड्यातल्या वर्गात समोर मुली आहेत. १८६३नंतर बालहत्या प्रतिबंधक गृहाच्या दारात रात्री आलेली, घाबरलेली विधवा आहे. २८ नोव्हेंबर १८९०ला जोतीराव गेले, तेव्हा दत्तक मुलगा यशवंतच्या हक्कावरून अडून बसलेले भाऊबंद आहेत. त्यांच्यासमोर बाई स्वतः टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेत पुढे धरायचं मडकं, उचलून पुढे होतात. १८९७च्या प्लेगात मुंढव्याहून पाठीवर उचलून आणलेला आजारी मुलगा पांडुरंग आहे. ऐकणारा ठरला की निम्मी माहिती आपोआप गळून पडते, कारण ती त्याला आधीच ठाऊक असते. उरलेली जागच्या जागी येते. जन्मतारीख प्रेक्षकाला द्यायचीच असेल तर ती निवेदनाच्या दोन ओळींत दे, बाईंच्या तोंडी घालू नकोस.

एक प्रसंग हाताशी घेऊन बघ. २९ ऑगस्ट १८६८ला नायगावाहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण, सारजा नावाची अस्पृश्य मुलगी, ती गरोदर, आणि दोघांना मारायला उठलेलं गाव. बाई मध्ये पडतात, इंग्रजी कायद्यात खुनाचा परिणाम काय होईल ते सांगतात आणि दोघांचा जीव वाचवतात. या एका प्रसंगात तुला तीन ऐकणारे मिळतात: ज्यांना पत्र लिहिलंय ते जोतीराव, खवळलेला जमाव, आणि पाया पडून रडणारी ती दोघं. तू हे सगळं एकाच सुरात, पत्र वाचल्यासारखं लिहिलं आहेस. त्याऐवजी तिघांना तीन जागा दे. जमाव प्रेक्षागृहातच, मधल्या रांगांच्या डोक्यावरून. गणेश-सारजा तुझ्या डावीकडे, जमिनीपासून हातभर उंचीवर, कारण ती पायाशी आहेत. जोतीराव उजवीकडे, तुझ्या डोळ्यांच्या रेषेपेक्षा मूठभर वर. उजवीकडेच का, ते पुढे सांगते.

जागा बदलताना क्रम पाळ: आधी नजर, मग मान, मग खांदा. तिन्ही एकदम वळले की ती नक्कल वाटते. नजर आधी गेली की प्रेक्षक तिच्यामागे जातो आणि तिथं माणूस उभं राहतं. चूक नेहमी भावनेच्या भरात होते. आवाज भरून आला की नजर नकळत वर छताकडे जाते आणि जोतीरावांची उंची एकदम दहा फूट होते. सरावाच्या खोलीत भिंतीवर चिकटपट्टीचे तीन तुकडे लाव आणि महिनाभर त्यांच्याशीच बोल. नंतर पट्ट्या काढल्या तरी नजर तिथंच जाईल. कीर्तनकार हे फार चांगलं करतात. एकाच अंगरख्यात, एकाच जागी उभं राहून आख्यानात चार माणसं वेगळी ठेवतात. गावात सप्ताह लागला असेल तर मागे बसून दोन-तीन कीर्तनं फक्त नजरेसाठी बघ.

संहितेत तीन रंगांच्या पेनांनी खुणा कर. बाईंचे स्वतःचे लिखित शब्द निळ्यानं: 'काव्यफुले' १८५४चं, जोतीरावांना लिहिलेली पत्रं १८५६, १८६८ आणि १८७७ची. दुसऱ्यांच्या आठवणींतून आलेलं हिरव्यानं. शेणमातीचा मारा आणि दुसरं लुगडं जवळ ठेवणं हे त्यातच येतं. तू रचलेलं लाल. लाल लिहायला हरकत नाही, नाटक त्याशिवाय उभं राहत नाही. पण लाल मजकुरात तारीख, आकडा किंवा दुसऱ्या खऱ्या माणसावरचा आरोप येता कामा नये. समोर कुणीतरी अभ्यासक असतो, आणि फुल्यांच्या बाबतीत तर खेड्यातही असतो. प्रयोगानंतर त्यानं 'हे कुठून घेतलंत?' असं विचारलं की तुला रंग आठवला पाहिजे. मोबाइलवर फिरणारी बाईंच्या नावची सुविचारवजा वाक्यं सरळ काढून टाक. मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं समग्र वाङ्मय घरात ठेव, आणि जे त्यात सापडणार नाही ते निळ्यात धरू नकोस.

हक्कांचंही बोलून घेते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. बाईंचं लेखन केव्हाच मोकळं झालं आहे. पण आजच्या चरित्रकारांनी रचलेले प्रसंग, प्रस्तावना आणि अनुवाद मोकळे नाहीत. सुषमा देशपांडे यांनी १९८९पासून याच विषयावर 'व्हय मी सावित्रीबाई' केलं. ते बघ, त्यातून शीक, पण त्यातलं वाक्य किंवा रचना उचलू नकोस. पुढे अत्र्यांवर काही करायचं मनात आलं तर लक्षात ठेव: ते १९६९ला गेले, म्हणजे २०२९ संपेपर्यंत वारसांची लेखी परवानगी लागेल. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. प्रमाणपत्र त्या संहितेला असतं, म्हणून आयत्या वेळी स्टेजवर आजच्या राजकारणाचं वाक्य घालायचं नाही, टाळी मिळत असली तरी. प्रमाणपत्राची आणि संहितेची एक-एक प्रत पेटीत कायम असू दे.

लांबीचं सांगते. संथ, समजेल असं बोलणं मिनिटाला साधारण शंभर शब्द धर. थांबे आणि हालचाली वजा करता ७५ मिनिटांच्या प्रयोगाला सात हजार शब्द भरपूर होतात. तुझे अकरा हजार आहेत. कापायचे कसे हा प्रश्न पडेल, तर सहा ते आठ मिनिटांचे सुटे तुकडे पाड. शाळेत तुला ४० मिनिटंच मिळणार, कॉलेजच्या श्रमशिबिरात तासभर, व्याख्यानमालेत पूर्ण वेळ. तुकडे सुटे असले की पाच निवडून शाळेचा प्रयोग होतो. प्रत्येक तुकड्याचं पहिलं वाक्य असं कर की ते आधीच्या कुठल्याही तुकड्यानंतर चालेल. याचा दुसरा फायदा विसरल्यावर होतो. एकपात्रीत विंगेतून शब्द देणारं कुणी नसतं. अडकलीस तर मागे जाऊ नकोस, पुढच्या तुकड्याच्या पहिल्या वाक्यावर उडी मार. मागे गेलीस की १८७३चा सत्यशोधक समाज झाल्यावर पुन्हा १८६३ येतं, आणि जोतीराव गेल्यावर पुन्हा बोलायला लागतात. प्रेक्षक गाळलेलं माफ करतो, कारण त्याला ते कळतच नाही. उलटलेला काळ मात्र त्याला लगेच कळतो. प्रत्येक तुकडा एका वस्तूला बांध: पाटी, दौत, कंदील, टिटवं. डोकं रिकामं झालं तरी हात पुढच्या वस्तूकडे जातो आणि वाक्य सापडतं.

वेशभूषा बदलायला तू तीन वेळा आत जातेस. ते काढ. रिकामा रंगमंच एकपात्रीत अर्धं मिनिटसुद्धा सहन होत नाही. एकाच सुती नऊवारीच्या पदरावर सगळं वय दाखवता येतं. पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला: सासरी आलेली मुलगी. खांद्यावरून पुढे घेऊन कमरेला खोचलेला: शाळेतली बाई, दुष्काळातली बाई. दोन्ही खांद्यांवरून गुंडाळलेला, पाठीला थोडा बाक: १८९०नंतरची. हे बदल बोलता बोलता, वाक्याच्या मध्यावर कर, थांबून नको. कासोटा घट्ट हवा आणि पदराला खांद्यावर एकच पिन, तीही ब्लाउजच्या आतून. दोन पिना लावल्यास तर पदर सुटत नाही आणि पहिलं वय दुसऱ्यात जात नाही.

आता माइक. गळ्यापाशी लावायचा कॉलर माइक मिळाला तर तो ब्लाउजच्या उजव्या बाजूला लाव, कारण पदर डाव्या खांद्यावर असतो आणि घासला की भोंग्यातून खरखर येते. मंगळसूत्राचे मणीही आपटतात. ते दोऱ्यानं आतून ब्लाउजला टाचून टाक. माइक उजवीकडे असला की डावीकडे मान वळवल्यावर आवाज पडतो. म्हणून ज्यांच्याशी सगळ्यात जास्त बोलायचं ते जोतीराव उजवीकडे. जमलं तर गालावरून येणारा हेडसेट माइक स्वतःचा घे आणि तो दवाखान्यातल्या कागदी चिकटपट्टीनं चिकटव. घामानं साधी पट्टी सुटते. पाठीला लावायची डबी नऊवारीत खोचली तर बसताना दबते आणि बटण बंद होतं. आतल्या चड्डीच्या पट्ट्याला कापडी खिसा शिवून डबी कमरेच्या बाजूला ठेव. सेल प्रत्येक प्रयोगाला नवे. अर्धे वापरलेले सेल बरोबर शेवटच्या दहा मिनिटांत मरतात, आणि तुझ्या प्रयोगात तिथं प्लेग आहे.

नाट्यगृहात हे प्रश्न कमी येतात, पण तुझे बहुतेक प्रयोग मंगल कार्यालयात, शाळेच्या पटांगणात, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होणार. पत्र्याच्या छताखाली आवाज घुमतो. तिथं आवाज वाढवलास तर शब्द आणखी विरघळतात. आवाज कमी करायला सांग, वेग कमी कर, खुर्च्या काढून सतरंज्या पुढपर्यंत घालून घे आणि माणसं जवळ बसव. अंगं आणि कपडे घुमारा शोषतात. भोंगे तुझ्या पुढे आणि तोंडं लोकांकडे. तुझ्या मागे ठेवले की शिटी वाजणारच. दिव्यांसाठी स्टँडवरचे दोन एलईडी दिवे, समोरून डाव्या-उजव्या कोपऱ्यांतून, डोक्यापेक्षा हात-दीड हात उंच. फक्त वरून दिवा असला तर डोळ्यांत खड्डे पडतात, आणि नजरेचं आपलं सगळं काम वाया जातं. दिव्यांची आणि ध्वनीची वायर एकाच बोर्डातून घेऊ नको, गुणगुण येते. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, म्हणून उशिरात उशिरा साडेसातला सुरू.

साडेसातला सुरू होणं हे आयोजकांवर अवलंबून आहे, आणि तिथं तुला नम्रपणे पण पक्कं वागावं लागेल. पत्रिकेत सात वाजता प्रयोग असतो, प्रत्यक्षात दीपप्रज्वलन, हार, सत्कार आणि चार भाषणं होऊन साडेआठला तुझ्या हातात रंगमंच येतो. तोवर लहान मुलं झोपलेली असतात आणि बायका घरी स्वयंपाकाला उठून गेलेल्या असतात. या विषयाला त्याच बायका समोर हव्यात. म्हणून प्रयोगाची सुपारी घेतानाच एका कागदावर लिहून दे: स्वागत १० मिनिटं, बाकी भाषणं प्रयोगानंतर, रंगमंच किमान बारा फूट रुंद आणि दहा फूट खोल, हातपाय धुवायला व कपडे बदलायला कडी लागणारी खोली, प्रयोगाच्या तीन तास आधी जागा ताब्यात. मानधनातलं निम्मं आगाऊ, उरलेलं प्रयोगाआधी, प्रवासखर्च वेगळा. फुकट करायचा असेल तर जरूर कर, आश्रमशाळेत आणि वस्तीत करच. पण तेव्हाही प्रवासखर्च माग, नाहीतर पुढच्या महिन्यात गाडीभाड्यालाच पैसे उरणार नाहीत.

३ जानेवारी, ८ मार्चचा महिला दिन, १० मार्चची बाईंची पुण्यतिथी आणि ११ एप्रिलची जोतीरावांची जयंती या तारखांना तुला चार-चार गावं बोलावतील. दिवसाला दोनपेक्षा जास्त घेऊ नकोस, आणि दोन घेतलेस तर मध्ये चार तास आणि पन्नास किलोमीटरच्या आतलं अंतर. घसा प्रयोगात बसत नाही, प्रयोगानंतरच्या गप्पांत आणि रात्रीच्या एसटीत उघड्या खिडकीशी बसतो. लोक भेटायला येतील, बायका हात धरून रडतील. त्यांच्यासाठी थांब, पण ऐक जास्त, बोल कमी. जेवण प्रयोगाआधी तीन तास. रिकाम्या पोटी ७५ मिनिटं उभं राहवत नाही आणि भरल्या पोटी श्वास पुरत नाही.

पेटी एकच, तुला एकटीला उचलता येईल अशी. झाकणाच्या आत वस्तूंची यादी चिकटव आणि निघताना यादीवर बोट ठेवून भर. पाटी दोन घे, ती फुटते. कंदिलात खरी वात नको, सेलवरचा दिवा बसव. पुढे परदेशातल्या मराठी मंडळांकडे गेलीस तर तिथल्या सभागृहात ज्योत लावू देत नाहीत. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची असते, त्यामुळे इथले दिवे तिकडे नेऊ नकोस, तिथलेच माग.

आत्ता लगेच एवढंच कर. १८६८च्या पत्राचा तुकडा आठ मिनिटांत बसव, तिन्ही ऐकणाऱ्यांची नावं समासात लिही, मोबाइल समोर छातीच्या उंचीवर ठेवून एकदा चित्रित कर आणि आवाज बंद करून बघ. आवाजाशिवाय तू कधी जोतीरावांशी बोलतेस आणि कधी गावाशी हे ओळखू येत असेल तर मला पाठव. ओळखू येत नसेल तर पट्ट्या पुन्हा भिंतीवर लाव आणि पुढच्या आठवड्यात पाठव.

तुझी,
ताई