‘मॅडम, पैसे नेमके कुठे ठेवायचे?’

मी समुपदेशक आहे, गुंतवणूक सल्लागार नाही, हे माझ्या दारावरच्या पाटीत स्वच्छ लिहिलेलं आहे. तरीही आखातात काही पेटलं, गॅसच्या टंचाईची बातमी आली किंवा शेअर बाजार दोन दिवस आपटला, की माझ्याकडे हाच प्रश्न येतो. विचारणारे बहुतेक पन्नाशी ओलांडलेले, निवृत्ती तोंडावर आलेली आणि झोप उडालेली. त्या सगळ्यांना सांगावी अशी एक गोष्ट सुधीररावांची आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला त्यांची परवानगी आहे.

२०२२ चा उन्हाळा आठवा. फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि सूर्यफूल तेल कडाडलं. एप्रिलअखेर इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात थांबवली. कोळशाच्या टंचाईमुळे राज्यात पुन्हा भारनियमनाची भाषा सुरू झाली. एप्रिलमधला किरकोळ महागाईचा दर ७.७९ टक्के होता, आणि मे महिन्यात घरगुती सिलिंडर हजाराच्या पुढे गेला. जूनच्या शेवटी नीलाताई यजमानांना घेऊन आल्या.

‘डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवली मॅडम, पण रोग घरात साठवलाय,’ त्या म्हणाल्या. गॅलरीत चार भरलेले सिलिंडर, त्यातले दोन मेव्हण्याकडून आणलेले. तेलाचे पंधरा किलोचे तीन डबे. उघडलेल्या डब्याला खवट वास यायला लागलेला, तरी तो टाकायचा नाही. पार्किंगमध्ये पेट्रोलचा कॅन. पतसंस्थेतली नव्हे, चांगल्या राष्ट्रीयीकृत बँकेतली मुदत ठेव मुदतीआधी मोडून घेतलेल्या सोन्याच्या बांगड्या, घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी देऊन. आणि सेन्सेक्स ५१ हजारांच्या आसपास घसरला त्या आठवड्यात म्युच्युअल फंडाचे सगळे युनिट विकलेले. रात्री अडीचला हे मोबाइलवर कच्च्या तेलाचा भाव बघत बसतात.

सुधीरराव शांतपणे ऐकत होते. एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागात त्यांची हयात गेली. ‘यात भावनेचा काही प्रश्न नाही,’ ते म्हणाले. ‘सरळ हिशेब आहे. बँक देते साडेपाच टक्के, महागाई सातच्या वर. म्हणजे दरवर्षी मी गरीब होतोय.’

‘हिशेब बरोबर आहे तुमचा,’ मी म्हटलं.

ते चमकले. ‘सकारात्मक विचार करा’ हे ऐकायच्या तयारीनं आले असावेत. मी कुणालाही तुमची भीती खोटी आहे असं सांगत नाही. आपल्याला लागणारं बहुतांश कच्चं तेल बाहेरून येतं, स्वयंपाकाचा निम्म्याहून जास्त गॅस बाहेरून येतो आणि त्यातला बराचसा आखातातून. अशा देशातल्या माणसाला धास्ती वाटली तर त्यात वेडेपणा काय? पण धास्ती कशाची आहे, हे तपासायला हवं.

‘मग पेट्रोलचा कॅन या हिशेबात कुठे बसतो?’ मी विचारलं. त्याला उत्तर नव्हतं. कॅन रिकामा करणं आणि मेव्हण्याचे सिलिंडर परत पाठवणं, या दोन गोष्टी त्याच दिवशी करायला सांगितल्या. तिथं चर्चा नाही, कारण तो इमारतीतल्या सगळ्यांच्या जिवाचा प्रश्न होता.

पुढच्या काही भेटी सुधीरराव आकडेच बोलत राहिले. मग एका भेटीत मी ठरवलं, आज एकच शब्द वापरायचा.

‘समजा, सिलिंडर मिळालाच नाही. मग?’

‘इंडक्शन आहे.’

‘वीजही गेली. मग?’

‘हिच्या माहेरी मळ्यात चूल आहे. आठ-पंधरा दिवस निघतील.’

‘रुपयाची किंमत निम्म्यावर आली. मग?’

ते जरा थांबले. ‘खर्च आवरू. घर स्वतःचं आहे, कर्ज नाही. मुलगी कमावती आहे.’

‘मग?’

‘मग… काही नाही.’

‘काही नाही, तर रात्री अडीचला कशासाठी जागता?’

बराच वेळ ते घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले. अशा वेळी समुपदेशकानं तोंड बंद ठेवायचं असतं. हे शिकायला मला बरीच वर्षं लागली, आणि आता ते मला चांगलं जमतं हे सांगायला संकोच वाटत नाही. शेवटी खाली बघतच ते म्हणाले, ‘मग परत सगळे म्हणतील, याला कळलं कसं नाही.’

‘परत?’ नीलाताईंनी विचारलं.

मग ते सांगायला लागले. काही वर्षांपूर्वी एका सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि त्यात यांच्या धाकट्या भावाचे पैसे अडकले. भावानं आधी विचारलं होतं, पैसे काढू का? यांनी सांगितलं होतं, कशाला, चांगली बँक आहे. त्या दिवाळीत फराळाला सगळे जमलेले असताना भाऊ म्हणाला, ‘दादा, तू अकाउंट्समधला माणूस, तुला कळलं कसं नाही?’ नंतर पैसेही बरेचसे मिळाले. भाऊ ते वाक्य विसरूनही गेला असेल. सुधीरराव मात्र ते रोज ऐकत होते.

‘मला वाटलं, तुम्हाला पैशाचं टेन्शन आहे,’ नीलाताई म्हणाल्या.

प्रश्न नुसता पैशाचा नाही, हा संशय मला पहिल्या भेटीतच आला होता, पण मी सांगून उपयोग नव्हता. ते त्यांच्याच तोंडून यायला हवं होतं. मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी आहे, म्हणजे माणसाला घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा त्याचा हट्टी विचार जास्त छळतो असं मानणारी. महागाई माणसाला अडचणीत आणते, पण झोप उडवतो तो मनातला हट्ट. ‘पुढं काय होणार हे मला आधी कळलंच पाहिजे, नाही कळलं तर मी नालायक’ हा सुधीररावांचा हट्ट होता. चार सिलिंडर गॅससाठी नव्हतेच. उद्या कुणी बोट दाखवलं तर ‘बघा, मी तयारी केली होती’ म्हणता यावं, यासाठी ते होते. अशा तयारीला कधीच पुरेसं वाटत नाही. पाचवा सिलिंडर आणला असता, तर सहाव्याची काळजी लागली असती.

गरजेपोटी केलेल्या तयारीला मात्र आकडा असतो, आणि तो शांत दिवशी ठरवता येतो. म्हणून मी त्यांना त्यांच्याच भाषेतलं काम दिलं. एक तक्ता करा: वस्तू, किती पुरे, आणि का. पुढच्या भेटीला तक्ता आला, रेघा मारून, खाली बेरजेसकट. सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी राहील अशा ठेवीत. भरलेला सिलिंडर जादा एक. तेल महिन्याचं. आरोग्य विमा दोघांचा. एका बँकेत व्याज धरून पाच लाखांच्या आत, कारण ठेव विम्याचं संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत तेवढंच आहे. सोन्यापुढे त्यांनी लिहिलं होतं, ‘आहे ते पुरे’, आणि नीलाताईंनी शेजारी खूण केली होती.

उरलेल्या पैशाचं काय करायचं ते मी सांगितलं नाही. त्यासाठी सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे नोंदणी असलेल्या, फी घेऊन सल्ला देणाऱ्या माणसाकडे पाठवलं. कमिशनवाल्याकडे नको, एवढं मात्र बजावलं. माझ्याकडून दोनच नियम: बातमी बघून काही विकावं-घ्यावंसं वाटलं तर मध्ये तीन रात्री जाऊ द्यायच्या, आणि मोठा निर्णय दोघांच्या सहीशिवाय नाही. दुसरा नियम मी प्रत्येक जोडप्याला सांगते. आपल्याकडे घरचा पुरुष पैशाची भीती बायकोपासून लपवतो आणि त्याला जबाबदारी म्हणतो.

जाता जाता आठवलं म्हणून सांगते. १९७२-७३ च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या नेत्यांसोबत मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. तेव्हाही रॉकेल नव्हतं, तेल नव्हतं, भाव पेटलेले होते. पण ती चिंता चारचौघांत बोलली जात होती, तिच्यावर ओरडता येत होतं. आज तीच चिंता माणूस अंधारात, पांघरुणात मोबाइल धरून एकटा वाहतो. माझ्याकडे येणाऱ्यांना मी म्हणूनच आधी विचारते, हे घरात कुणाशी बोललात?

२०२२ च्याच नोव्हेंबरअखेर सेन्सेक्स ६३ हजारांवर गेला. रिझर्व्ह बँकेनं मे महिन्यापासून रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो, ४ वरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर नेला आणि मुदत ठेवींचे दरही चढले. हे मला सुधीररावांनीच सांगितलं. ‘मॅडम, जूनमधलं विकणं चुकलं माझं. ठेव मोडणंही.’ आवाज साधा होता, रक्तदाब वाढल्यासारखा काही दिसला नाही. माझ्या दृष्टीनं उपचार तिथं संपले. भावालाही ते म्हणाले होते, ‘तेव्हा मला कळलं नव्हतं रे.’ भावानं विचारलं, ‘कशाबद्दल बोलतोयस?’

म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम घालायची एसआयपी त्यांनी पुन्हा सुरू केली, पण आधीच्या निम्म्या रकमेची. निम्मीच का, हे मी विचारलं नाही. ते त्या दुसऱ्या सल्लागाराचं काम.